बिनपगारी ट्रेनिंग आणि न लागणारी शिफ्ट : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत दोन तक्रारी पुन्हा पुन्हा आल्या. ट्रेनिंगच्या नावाखाली फुकट काम करून घेतलं, आणि नोकरी दिली पण शिफ्टच लावली नाही. उत्तरांआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे. किमान वेतन कायदा, १९४८ आणि वेतन प्रदान कायदा, १९३६ हे जुने कायदे तिच्यात सामावले गेले. त्यामुळे जुन्या पुस्तकांतली कलमं तक्रारीत उतरवू नका. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ मात्र राज्याचा कायदा म्हणून वेगळा चालू आहे.

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम. झाली. मॉलमधल्या कपड्यांच्या शोरूममध्ये ‘पहिले १५ दिवस ट्रेनिंग, त्याचा पगार नाही’ असं सांगून तिला घेतलं. दोन दिवस बिलिंग मशीन दाखवलं आणि मग रोज सकाळी ११ ते रात्री ९ काउंटरवर आणि ट्रायल रूमपाशी उभं केलं. आठवड्याची सुट्टी सोडून कामाचे १५ दिवस भरल्यावर ‘शिफ्ट लागली की कळवू’ म्हणाले. महिना झाला, फोन नाही. ऑफर लेटर नाही, फक्त व्हॉट्सॲपवरचे निरोप आहेत. ‘ट्रेनिंगचा मोबदला मागणार नाही’ अशा कागदावर तिची सहीही घेतली होती. काही करता येईल का?
— एक पालक, पिंपरी

उत्तर : येईल, आणि त्या सहीची धास्ती घेऊ नका. वेतन संहितेच्या कलम ६० नुसार कामगाराने कायद्याने देय रकमेवरचा हक्क सोडल्याचा करार रद्दबातल ठरतो. असे कागद बहुधा माणूस परत फिरकू नये म्हणूनच घेतले जातात.

तिला शोरूमने काय म्हटलं होतं, यावर प्रकरण ठरत नाही. तिने काय केलं, हे पाहिलं जातं. तिच्या हातून माल विकला गेला, घड्या घातल्या गेल्या, ट्रायल रूम सांभाळली गेली, म्हणजे शोरूमचं रोजचं काम झालं. संहितेच्या ‘कर्मचारी’ व्याख्येत नोकरीच्या अटी लेखी हव्यात असं नाही, गृहीत धरलेल्या अटीही चालतात. या व्याख्येतून शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ खाली घेतलेला अप्रेंटिस वगळला आहे. त्यासाठी रीतसर करार आणि नोंदणी लागते, ती इथे दिसत नाही. बिलिंग मशीन शिकण्याचे दोन दिवसही सोडू नका. मालकाने बोलावलं, मालकाच्या जागेवर, मालकाच्या वेळेत आणि मालकाच्या मशीनवर शिकवलं, तर तो कामाचाच वेळ आहे.

आता हिशेब करा. महाराष्ट्रात दुकानांसाठीचं किमान वेतन परिमंडळ (म्हणजे शहर-गावानुसार ठरवलेला विभाग) आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गवारीवर ठरतं. मूळ दरात विशेष भत्ता मिळवायचा असतो. हा भत्ता १ जानेवारी आणि १ जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो, म्हणून मुलीने ज्या महिन्यात काम केलं त्या सहामाहीचा दर कामगार आयुक्तालयाच्या संकेतस्थळावरून घ्या. महिन्याच्या रकमेला २६ ने भागलं की दिवसाचा दर मिळतो. साप्ताहिक सुट्टीचे पैसे त्यातच धरलेले असतात.

फक्त रीत कळावी म्हणून मासिक १३,००० रुपये धरू. दिवसाचे ५०० झाले, १५ दिवसांचे ७,५००. पण ११ ते ९ म्हणजे १० तास. अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी वजा केली तरी साडेनऊ तास काम आणि १५ दिवसांचे १४२.५ तास. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा धरली तर अडीच आठवड्यांचे १२० होतात. वरचे २२.५ तास ओव्हरटाइम, आणि तो दुप्पट दराने. तासाला ६२.५० म्हणजे दुप्पट १२५ रुपये. ओव्हरटाइमचे २,८१२.५० मिळवून एकूण मागणी १०,३१२.५० रुपयांची. अनेक जण पंधरा दिवसांचा पगार मागून थांबतात आणि ओव्हरटाइम विसरतात.

पुढची चूक नावाची असते. पाटीवरचा ब्रँड वेगळा, शोरूम चालवणारी फ्रँचायझी वेगळी आणि माणसं पुरवणारा ठेकेदार तिसराच, असं मॉलमध्ये सर्रास असतं. चुकीच्या नावाने पत्र पाठवलं की ‘ही आमची कर्मचारीच नव्हती’ असं उत्तर येतं. शोरूमचं एखादं बिल मिळवा. त्यावर कायदेशीर नाव आणि जीएसटी क्रमांक छापलेला असतो. काही दुकानांत बिलावर विक्रेत्याचा कोडही येतो. मुलीच्या कोडने फाडलेलं एक जरी बिल सापडलं तरी ‘ती फक्त बघत होती’ हा बचाव उभा राहत नाही.

पुरावा म्हणून व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट ठेवू नका, पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ईमेलवर ठेवा. ड्युटीच्या चार्टचा फोटो, फोनमधली लोकेशन टाइमलाइन, बस-मेट्रोच्या नोंदी, मॉलच्या आवारात चहा-नाश्त्यासाठी केलेले यूपीआय व्यवहार हे सगळं तारखेसह जुळवा. एका वहीत तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि त्या दिवशी हजर असलेल्या मॅनेजरचा हुद्दा एवढं लिहून काढायला सांगा. आठवण ताजी आहे तोवर, आजच. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही आठवड्यांत पुसलं जातं, म्हणून पहिल्या पत्रातच ‘अमुक तारखांचं चित्रीकरण जपून ठेवावं’ असं लिहा.

पत्र एक पानाचं पुरे. कामाच्या तारखा, वेळा, कामाचं स्वरूप, हिशेब, बँक खाते आणि पैसे देण्यासाठी १५ दिवसांची मुदत. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपा, तेच पत्र एचआरच्या ईमेलवरही टाका. नोकरी संपली असेल तर राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं, असं कलम १७ सांगतं. राजीनामा असो, काढून टाकणं असो, नियम तोच. ‘शिफ्ट लागली की कळवू’ ही भाषा त्यांनी वापरली ती बहुतेक याचसाठी. नोकरी संपली असं म्हणायचं नाही आणि पैसेही द्यायचे नाहीत. म्हणून पत्रात विचारा : मुलगी कामावर आहे की नाही, असेल तर पुढची शिफ्ट कोणत्या तारखेला? उत्तर काहीही आलं तरी ते तुमच्याच उपयोगाचं.

मुदत उलटली की सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. तिथे काम झालं नाही तर कलम ४५ खाली नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे दावा करता येतो. पूर्वी किमान वेतनाच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती, आता तीन वर्षांची आहे. प्राधिकारी मूळ रकमेखेरीज तिच्या दहा पटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. पैसे दिल्याचं सिद्ध करण्याचा भार कलम ५९ नुसार मालकावर असतो. तुम्हाला काम केल्याचं दाखवायचं आहे, आणि त्यासाठीच वरची वही.

तडजोडीला बोलावलं तर जरूर जा. मात्र रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय ‘फुल अँड फायनल’वर सही नको.

प्रश्न : मी फास्ट फूडच्या दुकानात ‘फुल टाइम’ म्हणून लागलो. शिफ्ट रात्री अकरानंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर कळते. कधी आठवड्याचे सातही दिवस, कधी दोनच. गिऱ्हाईक कमी असेल तर दोन तासांनी घरी पाठवतात आणि दोनच तासांचे पैसे धरतात. दर तासाला ४५ रुपये. हे चालतं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : यात तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

सगळ्यात भक्कम बाजू घरी पाठवण्याची. वेतन संहितेचं कलम १० असं सांगतं : ज्याचं किमान वेतन दिवसाच्या दराने ठरलं आहे, त्याला मालकाने पूर्ण दिवसाचं काम दिलं नाही, तर त्याने पूर्ण दिवस काम केलं असं धरून वेतन द्यावं लागतं. कामगार स्वतः काम करायला तयार नसेल तर हा हक्क राहत नाही. नेमकी इथेच मेख आहे. मॅनेजर हजेरीत ‘स्वतःहून लवकर गेला’ असं लिहितो आणि दावा कोलमडतो. म्हणून घरी पाठवलं की दुकानातून बाहेर पडण्याआधी ग्रुपवर किंवा मॅनेजरला एक ओळ टाका : ‘सर, मी पूर्ण शिफ्ट करायला तयार आहे, तुम्ही १ वाजता जायला सांगितलं म्हणून जातोय.’ उद्धटपणा नको, तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते.

दुसरा प्रश्न दराचा. ‘फुल टाइम’ सांगून तासावर पैसे देणं हीच विसंगती आहे. पण घटकाभर तुम्हाला अंशकालीन मानलं तरी महाराष्ट्रातल्या किमान वेतनाच्या अधिसूचनांत तासाचा दर काढायची रीत दिलेली असते. दिवसाच्या दराला कामाच्या तासांनी भागायचं आणि त्यावर १५ टक्के वाढ द्यायची. वरच्याच उदाहरणातले ५०० रुपये घेतले तर ६२.५० अधिक १५ टक्के म्हणजे ७१.८८ रुपये. तुमच्या परिमंडळाचा खरा दर घालून हिशेब करा आणि ४५ शी ताडून पाहा.

तिसरा प्रश्न न बोलावलेल्या दिवसांचा, आणि इथे बाजू कच्ची आहे हे आधीच सांगतो. आठवड्याला किमान इतके तास काम दिलंच पाहिजे, किंवा शिफ्ट इतके दिवस आधी कळवली पाहिजे, असा आकडा आपल्याकडच्या दुकानांच्या कायद्यात नाही. इथे सगळी मदार नेमणुकीच्या कागदावर. त्यात मासिक पगार आणि पूर्णवेळ असं लिहिलं असेल तर काम न देणं हा मालकाचा प्रश्न, तुमचा खाडा नव्हे. कागद नसेल तर मागा. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक करते. जाहिरातीतला ‘फुल टाइम, मासिक पगार’ असा मजकूर अजून कुठे दिसत असेल तर आत्ताच त्याचा फोटो घ्या. जाहिराती लवकर उतरतात.

सात दिवस सलग काम हेही कायद्यात बसत नाही. सलग २४ तासांची साप्ताहिक सुट्टी द्यावीच लागते. त्या दिवशी कामाला लावलं तर दोन महिन्यांत बदली सुट्टी मिळाली पाहिजे. पुढच्या आठवड्यात पाच दिवस रिकामे ठेवून ‘दिली की सुट्टी’ म्हणणं ही हातचलाखी झाली.

वर्षानुवर्षं तुम्हाला ‘कॅज्युअल’ म्हणून असंच लटकवत ठेवलं, तर महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याची चौथी अनुसूची पाहा. कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत या हेतूने लोकांना बदली किंवा तात्पुरते म्हणून वर्षानुवर्षं ठेवणं तिथे अनुचित प्रथा म्हणून नोंदलेलं आहे. त्याची तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करायची असते. या रस्त्याला युनियन किंवा कामगार कायद्याचा वकील सोबत घ्या.

प्रश्न : आमच्या हॉटेलात ‘ब्रेक शिफ्ट’ आहे. सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ ते ११.३०. मालक म्हणतात काम साडेआठच तास होतं.
— एक वेटर, ठाणे

उत्तर : कामाचे तास साडेआठच, पण कायदा पसाराही मोजतो. सकाळी कामाला लागल्यापासून रात्री सुटेपर्यंत, मधली विश्रांती धरून, २०१७ च्या मूळ दुकाने व आस्थापना कायद्यात साडेदहा तासांची मर्यादा आहे. अधूनमधून चालणाऱ्या किंवा तातडीच्या कामासाठी १२ तास. तुमचा पसारा साडेबारा तासांचा, म्हणजे सैल मर्यादेतही बसत नाही. रोजच्या कामाची मर्यादा २०२५ च्या दुरुस्तीने ९ वरून १० तासांवर आणि तिमाही ओव्हरटाइमची १२५ वरून १४४ तासांवर गेली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत. सहा दिवसांचे तुमचे ५१ होतात, तेव्हा दर आठवड्याला तीन तास दुप्पट दराने मागा. याच दुरुस्तीने कायद्याचा मुख्य भाग लागू होण्याची अट १० ऐवजी २० कामगारांवर नेली आहे. हॉटेलात २० पेक्षा कमी लोक असतील तर पसाऱ्याचा मुद्दा सोडा आणि वेतन संहितेवर बोट ठेवा. किमान वेतन आणि ओव्हरटाइमच्या दुप्पट दराला कामगारसंख्येची अट नाही.

प्रश्न : आयटी कंपनीने तीन महिने बिनपगारी ट्रेनिंग, मग दोन वर्षांचा बाँड, मोडल्यास दीड लाख रुपये, अशी अट घातली आहे. मूळ मार्कशीटही ठेवून घेणार आहेत.
— एक पदवीधर, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मार्कशीट देऊ नका. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवायचे आणि स्वाक्षांकित प्रत द्यायची. ठेवून घेणं हे पुढच्या दबावाचं साधन आहे. आधीच दिले असतील तर ईमेलने परत मागा, म्हणजे ‘आमच्याकडे नव्हतेच’ म्हणता येणार नाही.

सगळे बाँड बेकायदा असतात, असं मित्र सांगतील. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं सेवेची आणि ती मोडल्यास दोन लाख रुपयांची अट वैध ठरवली. पण तिथे प्रश्न सरकारी बँकेचा, मोठ्या प्रक्रियेने झालेल्या भरतीचा आणि पगारी अधिकाऱ्याचा होता. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, तिच्या आत न्यायालय वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देतं. तेव्हा कंपनीला विचारा : दीड लाखांचा खर्च कशावर? बाहेरचा प्रशिक्षक, परवाना, परीक्षा शुल्क, काय? आणि तीन महिन्यांत तुम्ही ग्राहकाच्या प्रोजेक्टवर काम केलं असेल, तर ते ट्रेनिंग उरत नाही. त्या दिवसांचं वेतन उलट कंपनीच तुम्हाला देणं लागते. टिकेटिंग सिस्टीममधल्या नोंदी, कामाचे ईमेल, कोड जमा केल्याच्या तारखा लिहून ठेवा. कंपनीचा गोपनीय मजकूर मात्र घरी पाठवू नका, त्यावरून तुमच्यावरच बालंट येईल.

नोकरीआधीच ‘ट्रेनिंग फी’ किंवा ‘डिपॉझिट’ मागत असतील तर हा कामगार कायद्याचा नव्हे, बहुधा फसवणुकीचा मामला आहे. पैसे भरू नका. भरले असतील तर पावती आणि व्यवहार क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जा.

प्रश्न : सिक्युरिटी एजन्सीने ट्रेनिंगसाठी पैसे कापले आणि सोसायटीच्या गेटवर आठ रात्री ‘फील्ड ट्रेनिंग’ म्हणून उभं केलं. पगार नाही.
— एक वाचक, वसई

उत्तर : सुरक्षारक्षकाचं प्रशिक्षण खरोखरच सक्तीचं आहे. म्हणूनच एजन्सीला त्याआड लपायला सोपं जातं. खासगी सुरक्षा एजन्सी कायदा, २००५ ही जबाबदारी एजन्सीवर टाकतो. केंद्राच्या आदर्श नियमांत वर्गातले १०० तास आणि प्रत्यक्ष क्षेत्रातले ६० तास, किमान २० कामाच्या दिवसांत, असं प्रमाण आहे. माजी सैनिकांसाठी ते ४० आणि १६ तासांचं. तुम्हाला वर्गातले तास न देता थेट गेटवर उभं केलं असेल, तर ती ड्युटी झाली. सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरात तुमच्या अक्षरातल्या गाड्यांच्या नोंदी असतील, त्यांचे फोटो मिळवा. एजन्सीने त्या रात्रींचं बिल सोसायटीला लावलं का, हे सचिवांना विचारा. लावलं असेल तर वाद संपला. कपातीबद्दल : वेतनातून काय कापता येतं याची यादी वेतन संहितेच्या कलम १८ मध्ये आहे आणि सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाहीत. ‘ट्रेनिंग फी’ त्या यादीत नाही.

प्रश्न : कारखान्यात ‘अप्रेंटिस’ म्हणतात, पण करार दाखवत नाहीत.
— आयटीआय उत्तीर्ण, इचलकरंजी

उत्तर : खरी अप्रेंटिसशिप असेल तर अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर तुमच्या नावाने करार दिसायला हवा, स्वतःच्या लॉगिनने पाहा. २०१९ च्या नियमदुरुस्तीने किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे ५,००० ते ९,००० रुपये ठरलं, आयटीआय प्रमाणपत्रधारकाला ७,०००. म्हणजे खरा अप्रेंटिसही फुकट राबत नाही. करार सापडला नाही तर तुम्ही साधे कामगार आणि हक्क किमान वेतनाचा. शिवाय नोंदणी नसलेला ‘ट्रेनी’ ईएसआय (कामगार राज्य विमा) आणि पीएफच्या बाहेर राहत नाही. मशीनवर बोट गेलं तर हा फरक फार महागात पडतो, म्हणून ईएसआय क्रमांक आजच मागा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून गेला असाल तर विद्यावेतन सरकारकडून थेट खात्यात येतं, आयटीआय-पदविकाधारकांना महिना ८,००० रुपये. तिथे तक्रार जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात करायची.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये एम.एस्सी. करतोय, वय २४. एका रेस्टॉरंटने तीन ‘ट्रायल शिफ्ट’ फुकट करून घेतल्या, मग झिरो-अवर्स करार दिला. आता तीन आठवडे रोटावर (शिफ्टच्या तक्त्यावर) नाव नाही, आणि दुसरीकडे काम करायचं नाही म्हणतात.
— एक विद्यार्थी, लेस्टर

उत्तर : तिथला कायदा वेगळा आहे, आणि शिफ्टबाबत आपल्याइतकाच कोरा. झिरो-अवर्स करारात तास देण्याचं बंधन मालकावर नाही, तसं बोलावल्यावर जायचं बंधन तुमच्यावरही नाही. दुसरीकडे काम करू नका ही अट मात्र झिरो-अवर्स करारात २०१५ पासून अंमलात आणता येत नाही. खुशाल दुसरं काम धरा. डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टमध्ये ठरावीक तासांची हमी आणि ऐन वेळी रद्द केलेल्या शिफ्टची भरपाई आहे, पण अंमल टप्प्याटप्प्याने होणार आहे. आजच्या भांडणात त्यावर विसंबू नका.

ट्रायल शिफ्टचं वेगळं. तासाभरात हात कसा चालतो ते पाहणं ठीक, पण पूर्ण शिफ्ट टेबलं सांभाळली तर किमान वेतन लागू होतं. सक्तीच्या ट्रेनिंगचा वेळही कामाचाच. २१ वर्षं आणि त्यावरील वयासाठी १ एप्रिल २०२५ पासून दर तासाला १२.२१ पौंड होता, १ एप्रिल २०२६ पासून १२.७१ आहे. कामाच्या तारखेचा दर लावा. साठलेल्या रजेचे पैसे नोकरी सोडताना मागायला विसरू नका, झिरो-अवर्सवाल्यालाही रजा साठते. आधी लेखी मागणी, मग एकास (Acas) या तिथल्या कामगार-मालक तंटे मिटवणाऱ्या संस्थेकडे अर्ली कन्सिलिएशन, म्हणजे दाव्याआधीची तडजोड. ट्रायब्युनलसाठी, म्हणजे तिथल्या रोजगार न्यायाधिकरणासाठी, तीन महिन्यांत एक दिवस कमी अशी घट्ट मुदत धरून चाला. किमान वेतनाची तक्रार एचएमआरसीकडेही (ब्रिटनच्या कर विभागाकडे) करता येते, त्याला फी नाही.

मात्र तक्रारीआधी स्वतःचे तास मोजा. स्टुडंट व्हिसावर सत्रात आठवड्याला २० तास, आणि आठवडा सोमवार ते रविवार. एका आठवड्यात १० केले म्हणून पुढच्यात ३० चालत नाहीत. दोन नोकऱ्यांचे तास एकत्र धरले जातात. शिफ्ट मिळत नाही म्हणून डिलिव्हरी ॲपवर जाऊ नका. ते स्वयंरोजगारात मोडतं आणि तुमच्या व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे. मालक रोख देऊन जादा तास करवून घेतो, तेव्हा अडकतो विद्यार्थीच.

प्रश्न : डिलिव्हरी ॲपवर स्लॉट मिळत नाहीत. किमान वेतन मागता येईल?
— एक रायडर, नागपूर

उत्तर : आजच्या घडीला नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० गिग कामगाराला, म्हणजे तुमच्यासारख्या ॲपवर काम घेणाऱ्याला, ओळख आणि कल्याणनिधी देते. त्यासाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायचे आहेत. पण त्यातून वेतन किंवा ठरावीक स्लॉट मिळत नाही. ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंदणी तेवढी करून ठेवा.

प्रश्न : माझं किराणा आणि बेकरीचं दुकान आहे, सहा माणसं. नवा मुलगा कसा आहे हे कळायला आठ दिवस तरी लागतात. ते बिनपगारी ठेवणं चूक का? माल बिघडवला तर नुकसान माझंच.
— एक दुकानदार, सातारा

उत्तर : आठ दिवस पारखायला हरकत नाही, बिनपगारी पारखायला आहे. मुलाखतीच्या दिवशी अर्धा-पाऊण तास वजनकाटा, हिशेब, गिऱ्हाइकाशी बोलणं पाहून घ्या. त्या वेळात त्याच्याकडून विक्री करून घेऊ नका. मग ठेवायचं ठरलं तर पहिल्या दिवसापासून अकुशल वर्गाचं किमान वेतन, आणि चिठ्ठीत ‘तीन महिने परिवीक्षा’ असं स्वच्छ लिहा. परिवीक्षेत काम पसंत पडलं नाही तर हिशेब चुकता करून थांबवता येतं, त्यासाठी फुकट दिवसांची गरज नाही. सहा माणसं असली तरी २०१७ च्या कायद्याखाली व्यवसाय सुरू असल्याची ऑनलाइन सूचना द्यायची असते, ती दिली नसेल तर देऊन टाका.

बिघडलेल्या मालाची कपात सरसकट करू नका. नुकसान त्याच्या हयगयीमुळे झालं असलं पाहिजे आणि त्याला आपली बाजू मांडायची संधी मिळाली पाहिजे. पहिल्याच आठवड्यात भट्टीवर एकट्याला उभं करून पाव करपला, तर त्याला हयगय म्हणणं अवघड जाईल. शिफ्टचा तक्ता शनिवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्यासाठी भिंतीवर लावा आणि बदल झाला तर त्याच कागदावर तारीख टाकून दोघांच्या सह्या घ्या. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, शक्यतो खात्यात. कमी वेतनाची पहिली कसूर ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची आहे. पाच वर्षांत पुन्हा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.